दूरध्वनीवर उमटणारी अक्षरे
(भिलाई येथील मराठी वाचकांपुढे अनुवादिकेने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दळणवळणाच्या साधनांवरील पुस्तकाचा अनुवाद हातावेगळा करीत असताना मी एका शब्दापाशी अडले. मूळ पुस्तकाने त्याला जेमतेम दीड पान दिले आहे. तो शब्द म्हणजे 'कॅप्शन्ड टेलिफोन'. पलीकडच्या माणसाचे बोलणे कानाला ऐकू येत असतानाच यंत्राच्या पडद्यावर अक्षरांत उमटत जाते, असा हा दूरध्वनी. 'कॅप्शन'ला कोशात 'मथळा' असा प्रतिशब्द मिळतो. परंतु मथळा बातमीला असतो, बोलण्याला नसतो. 'उपशीर्षक' हा शब्द चित्रपटांमुळे रुळला आहे खरा, पण परक्या भाषेतील संवादाचा खाली दिलेला अनुवाद असा त्याचा अर्थ आता पक्का बसून गेला आहे. अखेर मी 'अक्षरदूरध्वनी' असा शब्द योजला. तो सर्वांना पसंत पडेलच असे नाही. याहून चांगला शब्द कोणास सुचला तर त्याने अवश्य कळवावा. आज मात्र मी शब्दाविषयी थोडे आणि वस्तूविषयी अधिक बोलणार आहे. कारण दीड पानात आटोपलेली ही वस्तू आपल्या गावाच्या दृष्टीने साऱ्या पुस्तकात अधिक महत्त्वाची आहे, असे मला वाटते.

आपल्या गावाच्या दृष्टीने असे मी का म्हणते? १९५५ साली सोव्हिएट रशियाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली. विदर्भ तर लोहमार्गाने लागूनच होता. १९५६ पर्यंत छत्तीसगढची राजधानीही नागपूरच होती. त्या पिढीतील आणि तिच्या पुढच्या पिढीतील मंडळी आज निवृत्त आहेत. मुले पुण्याला, हैदराबादला, काहींची समुद्रापलीकडे. आईवडील येथे सेक्टरांत किंवा आसपासच्या वसाहतींत. मधला धागा एकच, तो म्हणजे दूरध्वनी. आणि नेमक्या याच वयात कान साथ सोडू लागतात.

वयामुळे ऐकू कमी येते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु धातू जेथे ठोकला, लाटला आणि कापला जातो तेथे कान वयाच्या आधीच झिजतात. हे जगभर आढळून आलेले आहे आणि कोणा एका कारखान्यावर ठपका ठेवण्यासाठी मी ते सांगत नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात, ज्या व्याधींची सूचना सरकारला देणे बंधनकारक होते त्यांच्या यादीत, गोंगाटाने येणारे श्रवणदौर्बल्य समाविष्ट होते. म्हणजे कायद्यालाही ही गोष्ट परकी नाही.

येथे थोडे ध्वनिशास्त्र सांगणे प्राप्त आहे. कानाच्या आत शंखाकृती नलिकेत अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात. गोंगाटाचा मारा सतत होत राहिला की त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. पहिला घाव बसतो तो सेकंदाला सुमारे ४००० कंपने असलेल्या उंच स्वरांच्या पट्टीत. मनुष्याच्या बोलण्यात स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यांत जोर असतो. 'आ', 'ओ', 'ऊ' हे दुबळ्या कानालाही ऐकू येतात. 'स', 'श', 'फ', 'थ' ही व्यंजने मात्र वरच्या पट्टीत असतात आणि मुळातच हळू असतात. म्हणून 'सात' हा शब्द अशा कानावर 'आत' होऊन पडतो. 'साठ' आणि 'आठ' यांत भेद उरत नाही. मनुष्य म्हणतो, "मला ऐकू येते हो, पण समजत नाही." घरच्यांना हे बोलणे विचित्र वाटते आणि ते मोठ्याने ओरडू लागतात. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने आहेत तेथेच राहतात. म्हणजे जे ऐकू येतच होते ते अधिक ऐकू येते आणि जे येत नव्हते ते झाकून जाते. वर, आपल्यावर कोणी रागावले आहे असा समज होतो तो वेगळाच.

समोरासमोर बसले असता ओठांची हालचाल, चेहरा, हातवारे यांची मदत होते. दूरध्वनी हे सारे काढून घेतो. शिवाय जुन्या दूरध्वनीच्या तारेतून ३०० ते ३४०० कंपनांपर्यंतचाच आवाज जात असे. खर्च वाचविण्यासाठी ठरविलेली ही मर्यादा धडधाकट कानाला जाणवतही नाही, परंतु 'स'चा बहुतेक भाग तिच्या पलीकडे राहतो. नव्या भ्रमणध्वनी जाळ्यांवर ही मर्यादा ७००० पर्यंत वाढली आहे, तीही दोन्हीकडे तशी सोय असेल तर. मात्र जो कानच ४००० वर थांबलेला आहे त्याला तिचा उपयोग बेताचाच.

मग घरात काय होते? दूरध्वनी वाजतो. आजोबा दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणतात आणि यंत्र सुनेच्या नाहीतर नातवाच्या हाती देतात. सून दहा मिनिटे बोलते. मध्ये हसते, मध्ये गंभीर होते. आजोबा तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहतात. शेवटी ते विचारतात, "काय म्हणत होता?" उत्तर येते, "काही नाही बाबा, तुमची विचारपूस करत होता. नंतर सांगते." हे 'नंतर' सहसा येत नाही. यात सुनेचा काही दोष नाही. तिला दुसरी कामे आहेत आणि दहा मिनिटांचे बोलणे पुन्हा कोण सांगणार? परंतु मी अनुवादाचा व्यवसाय करते म्हणून मला ते टोचते. दहा मिनिटांच्या मजकुराचा एका वाक्यात केलेला हा अनुवाद आहे, आणि काय ठेवायचे, काय गाळायचे हे ज्याच्यासाठी अनुवाद करायचा त्याला न विचारता ठरविले गेले आहे. मुलाची नोकरी गेली असेल, नातसुनेला दिवस गेले असतील, घर विकण्याचा विचार चालला असेल. या साऱ्यांतून आजोबांच्या वाट्याला येते ती विचारपूस. वृद्ध मनुष्य घरात असूनही घराबाहेर पडतो तो असा.

दूरध्वनीच्या जन्मकथेतच हा पेच आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याची आई एलायझा हिला फार कमी ऐकू येत असे. तो स्वतः बोस्टनमध्ये बधिर मुलांचा शिक्षक होता. त्याची पत्नी मेबल हिचे कान तिच्या बालपणीच, पाचव्या वर्षाच्या सुमारास, तांबड्या तापाने पूर्णपणे गेले होते. १८७६ च्या मार्च महिन्यात बेलने तारेवरून बोलून दाखविले, पुढल्या वर्षी त्याचा मेबलशी विवाह झाला, आणि ज्या यंत्राने तिच्या घराला कीर्ती व संपत्ती मिळाली ते यंत्र तिला जन्मभर वापरता आले नाही. बेलने बधिरांच्या खुणांच्या भाषेला विरोध केला, त्यांना बोलायलाच शिकविले पाहिजे असा आग्रह धरला, म्हणून बधिर समाजात त्याच्याविषयी आजही कडवटपणा आहे. तो मला अनाठायी वाटत नाही. पण तो स्वतंत्र विषय आहे.

त्याच्या आधीच्या तारयंत्रापुढे बहिरा आणि ऐकणारा समान होते. दोघांनाही तार वाचावीच लागे. आपल्याकडे ती सेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. दूरध्वनीने ही समानता मोडली, आणि ती पुन्हा जोडायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली. ती जोडणारा मनुष्य स्वतः बधिर होता, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. रॉबर्ट वाइटब्रेख्ट हा कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ. त्याने १९६४ साली, जेम्स मार्स्टर्स व अँड्र्यू सॅक्स या दोन बधिर सहकाऱ्यांच्या साह्याने, टंकलेखनासारखी कळफलक असलेली जुनी दूरमुद्रक यंत्रे दूरध्वनीला जोडण्याची युक्ती काढली. तारेला परके यंत्र जोडण्यास त्या काळी कंपनीची बंदी होती. म्हणून त्याने दूरध्वनीचा हातातला भाग रबरी वाट्यांत ठेवून, यंत्राचे ध्वनी त्यातून पलीकडे पाठविले. म्हणजे ऐकू न येणाऱ्यांचे संभाषण शेवटी ध्वनीतूनच प्रवास करू लागले! कारखान्यांनी आणि कचेऱ्यांनी टाकून दिलेली ती अवजड यंत्रे बधिरांच्या संघटनांनी गोळा करून, दुरुस्त करून घरोघर पोहोचविली. मिनिटाला साठ शब्द ही त्यांची कमाल गती. आपले वाक्य संपले की 'जी ए', म्हणजे 'आता तुम्ही बोला', अशी दोन अक्षरे छापायची, असा संकेत ठरला होता.

हे यंत्र दोन्हीकडे असेल तरच उपयोगाचे. म्हणून मध्ये एक मनुष्य बसविण्याची कल्पना आली. बधिर मनुष्य टंकित करतो, मधला मनुष्य ते वाचून दाखवितो. पलीकडचा बोलतो, मधला ते टंकित करतो. १९९० च्या अमेरिकन अपंगत्वविषयक कायद्याने ही मध्यस्थ सेवा दूरध्वनी कंपन्यांवर बंधनकारक केली आणि १९९३ च्या जुलैपासून ती देशभर सुरू झाली. तिचा खर्च दूरध्वनी-उद्योगाकडून गोळा होणाऱ्या निधीतून भागविला जातो. ज्याला ऐकू येत नाही त्याने वेगळे पैसे मोजावयाचे नाहीत. मला स्वतःला यंत्रापेक्षा ही तरतूद अधिक मोलाची वाटते.

परंतु आपले आजोबा या व्यवस्थेत बसत नाहीत. त्यांना बोलता येते, थोडे ऐकूही येते, आणि कळफलक त्यांच्या सवयीचा नाही. त्यांना हवा आहे तो आपल्या मुलाचा आवाज आणि त्याच्या जोडीला अक्षरे. अक्षरदूरध्वनी आला तो यांच्यासाठी. अमेरिकेतील अल्ट्राटेक या संस्थेने तो घडविला आणि २००३ साली तेथील दळणवळण आयोगाने त्याला मध्यस्थ सेवेत स्थान दिले. त्याची रचना मोठी गमतीची आहे. संभाषण चालू असता केंद्रात बसलेली मध्यस्थ फक्त पलीकडच्या माणसाचे बोलणे ऐकते आणि प्रत्येक शब्द जसाच्या तसा, सपाट व स्वच्छ उच्चारांत, विरामचिन्हांसकट, यंत्राला पुन्हा बोलून दाखविते. यंत्र तिच्या आवाजाला सरावलेले असते; ते त्या उच्चारांची अक्षरे करते, ती चुका सुधारते, आणि काही क्षणांत मजकूर पडद्यावर येतो. ती स्वतः संभाषणात एक शब्दही बोलत नाही. ऐकलेले कोणास सांगू नये आणि त्याची नोंद ठेवू नये, असा तिला कडक नियम आहे. २००७ पासून ही सेवा संगणकाच्या जाळ्यावरून मिळू लागली, आणि २०१८ साली मधल्या माणसाला वगळून केवळ यंत्राने अक्षरे करण्यासही तेथे संमती मिळाली.

चित्रपट आणि दूरदर्शन यांची कथा थोडक्यात सांगते. मूकपटांच्या काळी पाट्या सर्वांसाठी असत. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' बहिऱ्या प्रेक्षकाला शेजाऱ्याइतकाच समजत होता. १९३१ साली 'आलम आरा' बोलला, पुढल्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' बोलला, आणि तो प्रेक्षक चित्रपटगृहाबाहेर पडला. बोलपटाच्या शतकी कौतुकात त्याची आठवण कोणी काढणार आहे की नाही, कोण जाणे. अमेरिकेत दूरदर्शनवर ऐच्छिक अक्षरे १९८० च्या मार्चमध्ये आली. आरंभी त्यासाठी वेगळी पेटी विकत घ्यावी लागे. १९९३ पासून विकल्या जाणाऱ्या तेरा इंची व त्याहून मोठ्या प्रत्येक संचात ती सोय आतच बसविण्याचे बंधन आले. मात्र त्या जुन्या पद्धतीची वर्णमाला रोमन होती. देवनागरीची जोडाक्षरे आणि मात्रा तिच्यात मावत नव्हत्या. भारतात ब्रिज कोठारी यांनी १९९६ साली अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेत वेगळ्याच हेतूने प्रारंभ केला. गाणे ज्या भाषेत त्याच भाषेत खाली अक्षरे दिली, तर नवसाक्षरांचे वाचन सुधारते, हा त्यांचा विचार. पुढे 'चित्रहार'मध्ये तो अमलात आला. जे साक्षरतेसाठी केले ते बधिरांच्याही उपयोगी पडावे, यात नवल नाही.

आता आपल्या कायद्याकडे वळू. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दूरदर्शन कार्यक्रमांना खुणांची भाषा किंवा अक्षरे यांची जोड असावी, असे स्पष्ट म्हटले आहे. २०१९ साली वाहिन्यांसाठी मानके निघाली, २०२४ च्या मार्चमध्ये चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वे निघाली. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु त्याच अधिनियमातील व्याख्या आपण पाहावी. दोन्ही कानांत बोलण्याच्या कंपनपट्टीत ७० डेसिबलची हानी असेल तो 'बधिर'. ६० ते ७० असेल तो 'ऐकण्यास कठीण'. ज्याची सरासरी हानी ५० डेसिबल आहे तो यांपैकी कोणीच नाही. गोंगाटाने झिजलेल्या कानाची गंमत अशी की, खालच्या पट्टीत तो बरा असतो आणि वरच्या पट्टीत पार गेलेला असतो. सरासरी काढली की आकडा मध्येच कोठेतरी थांबतो. म्हणजे ज्याला 'सात' आणि 'आत' यांतला भेद कळत नाही, ज्याने दूरध्वनी हाती घेणेच सोडून दिले आहे, तो कायद्याच्या हिशेबी धडधाकट! २०११ च्या जनगणनेत श्रवणाचे अपंगत्व सुमारे ५० लाख लोकांना असल्याची नोंद आहे. त्या मोजणीत हे आजोबा नसण्याचीच शक्यता अधिक. आणि जो मोजलाच गेला नाही त्याच्यासाठी सेवा कोण उभारणार? अमेरिकेप्रमाणे दूरध्वनी-निधीतून चालणारी अक्षरसेवा आपल्याकडे उभी राहिलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, आता खिशातले यंत्रच अक्षरे करते, मग सेवेची गरज काय? प्रश्न योग्य आहे. गूगलने २०१७ साली मराठी बोलणे ओळखण्याची सोय केली, आणि २०१९ साली भोवतालचे बोलणे पडद्यावर लिहून दाखविणारे 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब' हे साधन काढले. समोर बसलेल्या माणसाचे बोलणे त्यावर बऱ्यापैकी उमटते. ज्यांच्या घरी कोणाला कमी ऐकू येते त्यांनी ते अवश्य वापरून पाहावे. परंतु मराठीच्या दोन अडचणी मला दिसतात आणि त्या भाषेच्या आहेत, यंत्राच्या नव्हेत.

पहिली अशी. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. "मी दिवाळीला घरी येणार" एवढी अक्षरे उमटली, वाचणाऱ्याचा चेहरा उजळला, आणि मग मागाहून "नाही" आले. ते आले तर ठीक. आवाज शेवटी खाली जातो, यंत्र ते गाळते, आणि आई फराळाला लागते. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या जवळ, वाक्याच्या पूर्वार्धात येऊन जातो, तेव्हा तेथे हा धोका कमी. चूक एकाच शब्दाची, पण अर्थ नेमका उलटा. अशा चुका शेकड्यात किती, यापेक्षा त्या कोणत्या शब्दात होतात, हे मोजले पाहिजे.

दुसरी अडचण आपल्या येथली आहे. भिलाईचे मराठी पुस्तकातले नाही. "मी बाजारात जाऊन राहिलो" असे आपण म्हणतो आणि एकमेकांना समजते. वाक्य मराठीत सुरू होते, मध्ये हिंदीतून जाते आणि दारावरच्या दूधवाल्याशी बोलताना छत्तीसगढीत संपते. यंत्राला मात्र सहसा आरंभीच एक भाषा ठरवून द्यावी लागते. मराठी ठरविली तर हिंदी शब्दांची ओढाताण होते; हिंदी ठरविली तर 'ळ'ची वाट लागते. आणि छत्तीसगढी तर घटनेच्या आठव्या अनुसूचीतच नाही, त्यामुळे भाषायंत्रांच्या सरकारी व खाजगी खटाटोपांत तिचा क्रमांक नेहमी मागे पडतो. प्रमाण भाषा बोलणाऱ्याला पूर्ण अक्षरे आणि घरची भाषा बोलणाऱ्याला अर्धी, असे होऊ लागले तर तो नवाच भेदभाव ठरेल. येथे माणसाची गरज आहे. ही मिश्र बोली ज्याच्या कानात मुरली आहे असा मध्यस्थ तिची अक्षरे बिनचूक करील. आपल्या गावात अशा शिकलेल्या तरुण मुलामुलींची वाण नाही.

एक वाद उरतो, आणि तो माझ्या व्यवसायातला आहे. मनुष्य मिनिटाला दीडशे शब्द सहज बोलतो. तेवढे वाचणे सर्वांना जमत नाही. म्हणून अक्षरे संक्षिप्त करावीत असा एक पक्ष आहे. अनुवादक म्हणून मला संक्षेपाचा मोह समजतो. "अं", "म्हणजे", "काय म्हणतात ते" हे गाळले तर कोणाचे बिघडते? पण ऐकू न येणाऱ्यांच्या संघटना सातत्याने सांगत आल्या आहेत की जे बोलले गेले ते सारे द्या, निवड आमची आम्ही करू. मी त्यांच्या बाजूची आहे. मुलगा "अं" म्हणून थांबला, यात काही असते. आईला ते ऐकू आले असते तर तिने लगेच विचारले असते, "काय झाले रे?" तिचा हा प्रश्न संक्षेपात जातो. 'नंतर सांगते' हाही संक्षेपच आहे.

अक्षरसेवा येईपर्यंत घरात दोन गोष्टी करता येतील. दूरध्वनीवर आकडे सांगताना 'साठ' न म्हणता 'सहा, शून्य' असे सुटे सांगावे. आणि नकार द्यावयाचा असेल तर तो आधी द्यावा: "नाही आई, दिवाळीला जमणार नाही." व्याकरणाला हे चालते, मी खात्री करून घेतली आहे.

या व्याख्यानाचा मजकूर छापून दाराजवळच्या मेजावर ठेवला आहे, ज्यांना माझे बोलणे नीट ऐकू आले नसेल त्यांनी तो घेऊन जावा. प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवावेत. मी ते वाचून दाखवीन आणि उत्तरे बोलता बोलता फळ्यावरही लिहीन, त्यामुळे थोडा वेळ अधिक लागेल.